समोरच्या दाराचा धाक

नाशिकच्या इंदिरानगर भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात देते.

बारा फ्लॅटची बिल्डिंग, मालकीचं घर, कर्जाचे हप्ते अजून चालू. यजमान सातपूरला कंपनीत, शिफ्ट बदलती. घरात सासूबाई आणि आठवीतली मुलगी. ताई घरून जेवणाचे डबे देतात, त्यामुळे पहाटे साडेपाचलाच मिक्सर सुरू होतो. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांशी गेल्या रंगपंचमीला वाजलं. मुलांच्या पिचकारीचं पाणी त्यांच्या गाडीवर उडालं, एवढंच निमित्त. तेव्हापासून नेमकं डबे निघायच्या वेळी त्यांची गाडी ताईंच्या स्कूटरला आडवी लागलेली असते. मिक्सर लावला की दार बडवतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव न घेता ‘काही लोकांनी बिल्डिंगची खानावळ केली आहे’ असं लिहितात. ‘माझ्या ओळखी कुठवर आहेत माहीत नाही तुम्हाला, धंदा बंद पाडीन,’ असंही म्हणून झालं आहे. मागच्या महिन्यात त्यांनी मुलीला लिफ्टपाशी अडवलं आणि ‘आईला सांग, सरळ राहा म्हणावं,’ असं सुनावलं. आता मुलगी एकटी खाली उतरत नाही. यजमान म्हणतात, दुर्लक्ष कर. सासूबाई म्हणतात, शेजार आहे, नमतं घ्यावं. सिन्नरचा भाऊ म्हणतो, चार पोरं घेऊन येतो, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. ताई विचारतात, ‘आमच्या घरातलं कोणी आजवर पोलीस स्टेशनची पायरी चढलेलं नाही. भांडायचं, सोसायचं की घर विकून मोकळं व्हायचं? आमचंच काही चुकतंय का?’ आणि शेवटी एक ओळ आहे: ‘दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरचं कुटुंब असंच एकाएकी फ्लॅट सोडून गेलं. का गेले, आम्ही कोणी विचारलं नाही.’

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. तुम्ही ती जाता जाता लिहिली असेल, पण मी तिथंच अडले. एक घर निघून गेलं आणि उरलेल्या घरांनी ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत विषय सोडून दिला. ते कुटुंब याच गृहस्थांमुळे गेलं की आणखी कशामुळे, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. पण दमदाटी करणारा माणूस अख्ख्या बिल्डिंगशी एकदम वैर घेत नाही, एवढं अशी पत्रं वाचून मी सांगू शकते. तो एका वेळी एक घर धरतो. बाकीच्यांशी हसून बोलतो, गणपतीची वर्गणी सढळ हाताने देतो, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेतो. म्हणून त्रास होणाऱ्याच्या बोलण्यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही, आणि मग त्यालाच वाटायला लागतं की आपलंच कुठेतरी चुकतंय. तुम्ही तेच विचारलं आहे.

भांडायचं, सोसायचं की विकायचं, हे तिन्ही मार्ग तुम्ही एकटीने निभवायचे म्हणून मांडले आहेत. यजमान बाजूला, सासूबाई बाजूला, बिल्डिंग तर पत्रात कुठेच नाही. माझं सांगणं असं की यातलं काहीही ठरवण्याआधी हे एकटेपण मोडा. त्यांचा सगळा जोर त्यावरच चालला आहे.

मुलीचं मात्र आजच बघा. सासूबाई नसताना, स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता, अगदी साध्या आवाजात विचारा: काका आणखी काही बोलले का? आधी कधी असं झालं होतं का? कधी जवळ आले, हात लावला, घाणेरडं काही बोलले? उलटतपासणी नको, ती सांगेल तेवढं ऐकून घ्या. यातलं शेवटचं काही निघालं, तर मी पुढे लिहिलेली समजुतीची, कमिटीची कुठलीही वाट तुमच्यासाठी नाही. मग थेट पोलीस, पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, आणि मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइन. तसं काही नसेल, तरी मोठ्यांचा राग लहान मुलीला अडवून काढणं ही किरकोळ गोष्ट नाही. तुम्ही आणि यजमान दोघांनी मिळून एकदाच त्यांच्या दाराशी जा आणि एवढंच सांगा, ‘आमच्याबद्दल काही असेल तर आमच्याशी बोला. मुलीशी बोलायचं नाही.’ त्यावर ते काहीही म्हणोत, परत फिरा. दुसऱ्या दिवशी हेच वाक्य तारखेसह कमिटीला लेखी द्या. मुलीला सांगा की तिचं काही चुकलेलं नाही, आणि तिला घरात कोंडून ठेवू नका. बिल्डिंगमधल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर ती रोज खाली जाऊ दे, सायकल चालवू दे. तिने पार्किंगची जागा सोडली, तर ती परत मिळवायला तिला फार जड जाईल.

आता जरा कडू बोलते. मिक्सर. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्रच धरली आहे, आणि निवासी भागात दिवसा 55 तर रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. साडेपाचचा मिक्सर रात्रीत मोडतो. भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसाला तो लागत असणार, मग तो माणूस कसाही असो. वाटण रात्री दहाच्या आत करून फ्रिजमध्ये ठेवा, मिक्सरखाली जाड रबरी मॅट घाला, सकाळचं जे असेल ते सहानंतर. डबे न्यायला येणारी मुलं जिन्यात उभी राहत असतील तर त्यांना गेटपाशी थांबायला सांगा. आणि डब्यांच्या व्यवसायाची अन्नसुरक्षेची नोंदणी, म्हणजे एफएसएसएआयची, केली नसेल तर या आठवड्यात अर्ज भरा. घरगुती व्यवसायालाही ती लागते, ऑनलाइन होते. सोसायटीच्या उपविधींत, म्हणजे बायलॉजमध्ये, घरून चालणाऱ्या कामाबद्दल काय म्हटलंय तेही वाचा आणि कमिटीला एक साधं पत्र देऊन ठेवा.

हे त्यांच्या धमकीला घाबरून करायचं नाही. ‘धंदा बंद पाडीन’ हे वाक्य तुम्हाला रात्री झोपू देत नाही, कारण कुठेतरी तुम्हाला ठाऊक आहे की कागद अपुरे आहेत. कागद पुरे झाले की त्या वाक्यातला अर्धा दम जातो. शिवाय तुमच्याकडून जे खरोखर सुधारायचं होतं ते सुधारलं, की उरलं ते निव्वळ त्यांचं वागणं. मग कुणाला सांगताना तुमची जीभ अडखळणार नाही.

दार बडवलं जातं तेव्हा काय होत असेल, ते तुमच्या पत्रावरून मला दिसतं. हात पिठाचे, कुकरची शिट्टी व्हायची बाकी, सात वाजून गेलेले. तुम्ही दार उघडता, ते आवाज चढवतात, तुम्ही उत्तर देता, मागून सासूबाई ‘जाऊ दे गं’ म्हणतात, आणि दोन मिनिटांत तुमचाच आवाज जिन्यात घुमत असतो. वरच्या मजल्यावरून डोकावणाऱ्याला भांडणारी दोन घरं दिसतात. कोणी कोणाचं दार बडवलं, हे त्याला दिसत नाही. म्हणून दाराला साखळी लावून घ्या आणि साखळी लावूनच दार उघडा. वाक्य एकच: ‘काका, तक्रार लिहून द्या, मी लिहून उत्तर देईन.’ आणि दार बंद. आधी घरातल्या घरात हे दहा वेळा मोठ्याने म्हणून बघा, कारण ऐन वेळी तोंडातून भलतंच निघतं. सुरुवातीचे काही दिवस ते जास्तच चिडतील. समोरचा तापत नाही हे लक्षात आल्यावर आधी जोर वाढतो, तेवढा काळ धीर धरायचा.

ग्रुपवरच्या टोमण्यांना रात्री उत्तर द्यायचं नाही. स्क्रीनशॉट ठेवा. काही धडधडीत खोटं लिहिलं असेल तर सकाळी, शांत डोक्याने, एका ओळीत खरं काय ते लिहा.

घडलेलं सगळं वहीत उतरवा, पण कसं ते महत्त्वाचं आहे. ‘आज पुन्हा त्रास दिला’ या नोंदीचा उपयोग होत नाही. ‘मंगळवार, सकाळी 7.10. आमच्या स्कूटरला गाडी आडवी. दोनदा फोन केला, उचलला नाही. वॉचमनने पाहिलं. 7.50 ला काढली. चार डबे उशिरा पोचले,’ ही नोंद कुठेही दाखवता येते. राग, शिव्या, तुमचं मत त्यात नको. व्हिडिओ काढलात तर कापाकापी न करता मूळ फोनमध्येच राहू द्या, कारण पुरावा म्हणून मूळ फाइलच मागितली जाते. स्वतःच्या दारावर कॅमेरा लावायला हरकत नाही, फक्त त्यात त्यांच्या घराचं आतलं काही दिसता कामा नये.

आता ती बाकीची घरं. सगळ्यात आधी त्या निघून गेलेल्या कुटुंबाला फोन करा. नंबर कुणाकडे तरी असेलच. ‘तेव्हा विचारायला हवं होतं, विचारलं नाही, आज विचारते,’ एवढं मोकळेपणाने म्हणा. ते कदाचित बोलणार नाहीत. बोलले तर तुम्हाला बरंच काही कळेल. मग बिल्डिंगमध्ये दोन-तीन घरी जा, शक्यतो दुपारी, बायका निवांत असतात तेव्हा. समोरच्यांची उणीदुणी काढायला जाऊ नका. प्रत्येकाकडे एकच लहानसं मागणं न्या. एकीला म्हणा, तुझ्या मुलीबरोबर माझी मुलगी खाली येईल. दुसऱ्यांना म्हणा, जिन्यात आवाज ऐकू आला तर फक्त दार उघडून उभे राहा, बोलू नका. तिसऱ्यांना विचारा, पार्किंगला नंबर टाकून घ्यायच्या अर्जावर सही कराल का? ‘आमची बाजू घ्या’ म्हटलं की माणसं मागे सरतात, पण दार उघडून उभं राहायला बहुतेक जण तयार होतात. आणि जिन्यात तीन दारं उघडी असली की आवाज आपोआप खाली येतो.

कमिटीकडे जाताना तुमची बिल्डिंग नोंदणीकृत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट, ते बघून घ्या. आपल्याकडे नाशिकमध्ये कितीतरी बिल्डिंगांना लोक बोलताना सोसायटी म्हणतात, पण कागदावर त्या 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असतात. तसं असेल तर घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशन, आणि त्यासोबतचे नियम मागून घ्या, तुमचे हक्क त्यात असतात. सोसायटी असेल तर 1960 चा सहकारी संस्था अधिनियम आणि तुमचे उपविधी. लेखी तक्रार आली की कमिटीने ती सभेत घेऊन निर्णय लेखी कळवायचा असतो. तक्रारीत समोरच्यांच्या स्वभावावर एक शब्द नको. तीनच मागण्या ठेवा: पार्किंगला आखणी आणि नंबर, पार्किंगमध्ये सोसायटीचा कॅमेरा, आणि लहान मुलांना कोणी अडवू नये असा ठराव. यात एकट्या तुमचाच फायदा आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. समोरचे म्हणाले की मी बिल्डरकडून पार्किंग विकत घेतलंय, तर कमिटीला आठवण करून द्या की स्टिल्टमधली, म्हणजे बिल्डिंगखालच्या खांबांमधली, आणि मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2010 चा निकाल आहे. तक्रारीची दुसरी प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तिच्यावर सेक्रेटरीची पोच सही घ्या. कमिटीने काहीच केलं नाही तर सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात जाता येतं. सभासदांमधले काही वाद कलम 91 खाली सहकार न्यायालयातही नेता येतात, पण तिथवर बहुधा जावं लागणार नाही.

पोलीस स्टेशनच्या पायरीबद्दल तुम्ही लिहिलंय, त्यामागची भावना मला समजते. आपल्या घरांत ही पायरी न चढणं हा अभिमानाचा विषय असतो. पण ताई, ही पायरी गुन्हा केलेल्यांसाठी जितकी आहे तितकीच त्रास झालेल्यांसाठीही आहे. तिच्या लाजेपोटी मुलगी घरात बसत असेल, तर त्या अभिमानाची किंमत ती मोजते आहे. इंदिरानगर पोलीस स्टेशनला दोन प्रतींत तक्रार अर्ज द्या, एका प्रतीवर शिक्का घ्या. नुसती शिवीगाळ, साधी धमकी असेल तर बहुतेक वेळा अदखलपात्र नोंद होते, लोक तिला एनसी म्हणतात. तिच्यात न्यायाधीशांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून लोक निराश होतात. तरी ती कागदावर येते. त्रास चालूच राहिला आणि दोन-तीन नोंदी झाल्या, की पोलीस प्रतिबंधक कारवाई करू शकतात, जिला आपण चॅप्टर केस म्हणतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली एक वर्षापर्यंत शांतता राखण्याचा बाँड लिहून घेता येतो. नाशिकसारख्या आयुक्तालयाच्या शहरात हे काम सहायक पोलीस आयुक्तांकडे चालतं. ‘ओळखी आहेत’ म्हणणाऱ्या माणसाला अशा तारखेला हजर राहणं अजिबात आवडत नाही. अंगावर धावून आले, दार तोडायला लागले, तर अर्जबिर्ज नंतर, आधी पोलिसांच्या तातडीच्या मदतीचा 112 क्रमांक.

याच कारणासाठी भावाला थांबवा. त्याची माया खरी आहे, पण चार पोरं जिन्यात आली की दुसऱ्या दिवशी समोरचे तुमच्याविरुद्ध तक्रार घेऊन उभे राहतील, आणि चॅप्टर केस झालीच तर दोन्ही घरांवर होईल. भावाला वेगळं काम द्या. पुढच्या दोन रविवारी त्याने बायकामुलांसह नुसतं जेवायला यावं, पार्किंगमध्ये मोकळेपणाने वावरावं. या घराला माणसं आहेत, हे एवढ्यानेही दिसतं.

यजमानांना भित्रे समजू नका. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला भांडण परवडत नाही, म्हणून तो दुर्लक्ष कर म्हणतो. ‘तुम्ही काहीच करत नाही’ असं म्हणण्यापेक्षा दोन ठरावीक गोष्टी मागा: मुलीच्या बाबतीत एकदा बरोबर यायचं, आणि कमिटीच्या सभेला हजर राहून तक्रारीवर सही करायची. सासूबाईंचं नमतं घेणं त्यांच्या काळात उपयोगी पडलं असेल. तेव्हा शेजार पिढ्यान्‌पिढ्यांचा असायचा, वाड्यातल्या थोरल्या माणसाचा शब्द दोन्हीकडे चालायचा. आज तो शब्द टाकणारं कोणी नाही, म्हणून ते काम कागदाला करावं लागतं. त्यांना हे असं समजावून सांगा, त्या ऐकतील असं मला वाटतं.

एक आशा मात्र सोडून द्या, ती पत्रात दोनदा आली आहे: त्यांना आपलं म्हणणं पटावं, त्यांनी एकदा तरी चूक कबूल करावी. ते होणार नाही असं धरून चाला. तुम्हाला त्यांचं मन बदलायचं नाही. सकाळी स्कूटर निघावी, मुलगी खाली खेळावी, दार बडवलं जाऊ नये, एवढं झालं की पुरे. पुढे कधी जिन्यात त्यांनी साधं ‘काय, कसं काय’ विचारलं, तर साधं उत्तर द्या. जुनं उगाळू नका, पण पार्किंगचा नंबरही सोडू नका.

घर विकायचं आता ठरवू नका. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, मुलीची शाळा, ठरलेली डब्यांची गिऱ्हाइकं, असं बरंच काही त्यात जातं, आणि घाईत विकणाऱ्याचा भाव पडतो. वर सांगितलेलं सगळं सहा महिने नेटाने करून बघा. तरीही घरात जीव रमत नसेल तर मधली वाट आहे. हा फ्लॅट अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या, स्वतः त्याच शाळेच्या टापूत भाड्याने राहा, आणि वर्षभराने ठरवा. असं गेलात तर ती हार नव्हे. मुलीची झोप आणि तुमचा रक्तदाब यांना भिंतींपेक्षा जास्त किंमत आहे. फक्त जाताना बिल्डिंगमधल्या लोकांना कारण स्पष्ट सांगून जा.

अशाच त्रासातून जाणाऱ्या इतरांसाठी थोडं. सिडकोतल्या घरांत किंवा रो-हाऊसमध्ये राहणाऱ्यांना कमिटीच नसते. तिथे सांडपाणी, कचरा, रस्त्यावर पुढे काढलेलं बांधकाम असले वाद महापालिकेच्या विभागीय कार्यालयात न्यावे लागतात, आणि दमदाटीचा भाग पोलिसांकडे. दोन्ही एकाच अर्जात घालू नका, नाहीतर प्रत्येक ऑफिस दुसऱ्याकडे बोट दाखवतं. एकटे राहणारे ज्येष्ठ 14567 या क्रमांकावर मदत मागू शकतात. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जाताना वही आणि पोच घेतलेल्या प्रती बरोबर न्या.